खिडकीचे व्याकरण : 'ट्रेट्स यूआय' आणि 'प्राट' यांचा तौलनिक विचार

संशोधक आपल्या कामाकरिता जो प्रोग्रॅम लिहितो, तो प्रथमतः त्याला एकट्यालाच चालवावयाचा असतो. कोणता आकडा कोठे बदलावयाचा, कोणती ओळ आधी आणि कोणती मागाहून चालवावयाची, हे त्याला पाठ असते. तोच प्रोग्रॅम शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याच्या किंवा पुढील वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती देण्याची वेळ आली म्हणजे मात्र अडचण उभी राहते. मग खिडकी हवी, बटण हवे, आकडा भरावयाची चौकट हवी, सरकपट्टी हवी. पदार्थविज्ञान किंवा स्वनविज्ञान शिकून आलेला मनुष्य अशा रीतीने एका परक्या धंद्यात ओढला जातो, आणि पुष्कळदा त्याच्या मूळ गणिताच्या शंभर ओळींभोवती खिडकी रचणाऱ्या पाचशे ओळींचे कुंपण उभे राहते. वस्तुकेंद्री रचनेची साधने संशोधकाला या ओझ्यातून सोडवतात, असा त्यांच्या पुरस्कर्त्यांचा दावा आहे. हा दावा सर्वांत स्वच्छ स्वरूपात ज्या साधनात आढळतो, ते म्हणजे टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथील एन्थॉट या संस्थेने पायथन भाषेकरिता तयार केलेले 'ट्रेट्स' आणि त्याचे जोडभावंड 'ट्रेट्स यूआय'. या साधनाचे परीक्षण करताना तुलनेसाठी 'प्राट' हा ॲम्स्टरडॅम विद्यापीठात जन्मलेला प्रोग्रॅम घेणे सोयीचे आहे. तो भाषाविज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाचा असून, खिडकीची अगदी निराळी कल्पना त्याच्या मुळाशी आहे.

आरंभी एका पारिभाषिक घोटाळ्याचा निर्देश केला पाहिजे. 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' या विशेषणाला मराठीत कित्येकदा 'वस्तुनिष्ठ' असा प्रतिशब्द वापरला जातो. तो घातक आहे. 'वस्तुनिष्ठ' म्हणजे बघणाऱ्याच्या मतावर अवलंबून नसलेले, हा अर्थ मराठीत इतका रुजला आहे की 'वस्तुनिष्ठ प्रोग्रॅमिंग' म्हटल्याबरोबर वाचकाला ते निःपक्षपाती प्रोग्रॅमिंग वाटावे. प्रस्तुत संदर्भातील वस्तू निःपक्षपाती तर नसतेच, उलट तिच्या रचनेत रचणाऱ्याचा पक्ष पुरेपूर उतरलेला असतो. म्हणून येथे 'वस्तुकेंद्री' हाच शब्द योजिला आहे. 'इन्हेरिटन्स'ला 'वारसा' म्हणण्यातही असाच पेच आहे, कारण वारसा पूर्वजाच्या मृत्यूनंतर मिळतो आणि येथे पूर्वजवर्ग व वंशजवर्ग एकाच वेळी नांदत असतात. पण तो शब्द आता रूढ झाला आहे.

वस्तूची ही कल्पना मुळात विज्ञानाच्याच घरची आहे, याचा विसर पडू नये. ओस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी १९६० नंतरच्या दशकात 'सिम्युला' ही भाषा रचली, तिचा हेतू वास्तवातील व्यवस्थांची नक्कल संगणकावर उतरविणे हा होता. १९६७ च्या सिम्युलात वर्ग, वस्तू आणि वारसा या तिन्ही कल्पना स्पष्टपणे आढळतात. खिडकीशी या कल्पनांची गाठ पडली ती पुढे, १९७० नंतर, कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात, 'स्मॉलटॉक' या भाषेच्या निमित्ताने. त्या केंद्रात पाहुणा म्हणून गेलेल्या ट्रिग्वे रेन्स्काउग या नॉर्वेजियन संशोधकाने १९७९ साली एक विभागणी सुचविली : विषयवस्तू निराळी, तिचे दर्शन निराळे आणि वापरणाऱ्याच्या हालचाली ग्रहण करणारा नियंत्रक निराळा. पुढील चाळीस वर्षांतील बहुतेक सर्व साधने या त्रयीची पाठराखण तरी करतात किंवा तिच्यापासून पळ तरी काढतात. ट्रेट्स यूआयने तिला मनापासून मान दिला आहे; तथापि तिच्यापासून तो कोठे ढळतो, ते पुढे दिसून येईल.

ज्या परिस्थितीवर उतारा म्हणून हे साधन आले, तिची कल्पना येण्यास मॅटलॅबमधील 'गाइड' या जुन्या सोयीचे उदाहरण पुरेसे आहे. तीत खिडकी हाताने चितारावयाची. ती एका फाइलीत साठे आणि बटण दाबल्यावर काय करावयाचे ते दुसऱ्या फाइलीत लिहावे लागे. दोहोंमध्ये निरोप पोचविण्यासाठी एक भलीमोठी पोतडी असे. प्रत्येक कार्याने ती उघडावयाची, तीत फेरफार करावयाचा आणि आठवणीने परत ठेवावयाची. ठेवावयाची राहिली की फेरफार नाहीसा. कित्येक विद्यार्थ्यांचे दिवसच्या दिवस या पोतडीने खाल्ले आहेत. मॅटलॅबच्या कर्त्यांनी २०१६ साली 'ॲप डिझायनर' आणला, त्यात सगळी खिडकी एका वर्गाच्या रूपात लिहिली जाते. २०१९ साली त्यांनी 'गाइड' काढून टाकण्याचा निर्णयही जाहीर केला. वस्तुकेंद्री रचनेचा हा एक प्रकारे कबुलीजबाबच होय.

आता ट्रेट्सकडे वळू. पायथन भाषेत एखाद्या वस्तूला गुण चिकटवावयाचा तर नुसते नाव पुरते. त्या नावाखाली आज आकडा आणि उद्या शब्द ठेवला तरी भाषा हरकत घेत नाही. ट्रेट्स या सैलपणाला आळा घालतो. गुण जाहीर करतानाच तो कोणत्या जातीचा, त्याचे आरंभीचे मूल्य काय, त्याच्या मर्यादा कोणत्या, हे सांगावयाचे. एकदा हे सांगितले की पाच गोष्टी आपोआप पदरात पडतात : आरंभीचे मूल्य, ग्राह्याग्राह्यतेची तपासणी, एका वस्तूने आपला गुण दुसरीकडे सोपविण्याची मुभा, बदलाची वर्दी आणि दर्शन. यांपैकी शेवटच्या दोहोंवरच या साधनाचा सारा डोलारा उभा आहे. समजा, एखाद्या विद्यार्थिनीला ध्वनिमुद्रणातील तारता मोजावयाची आहे. तिने एक वर्ग लिहिला. त्यात तारतेची अधोमर्यादा ४० ते ३०० हर्ट्झ यांमधील एक आकडा, आरंभी ७५. ऊर्ध्वमर्यादा दुसरा आकडा, आरंभी ६००. आणि ध्वनीच्या फाइलीचे नाव, एवढे तीन गुण जाहीर केले. या वर्गाची वस्तू निर्माण करून तिला 'तुझे गुण मांड' अशी एका ओळीची आज्ञा दिली की खिडकी उघडते. फाइलीच्या नावापुढे फाइल निवडावयाची सोय असते आणि मर्यादित आकड्यापुढे बहुधा सरकपट्टी असते. इतकेच नव्हे, तर ऊर्ध्वमर्यादेची खालची कड म्हणून अधोमर्यादेच्या गुणाचेच नाव देता येते, म्हणजे एक आकडा दुसऱ्याला ओलांडू शकत नाही. खिडकीसंबंधी अवाक्षरही न लिहिता खिडकी मिळाली.

भाषेच्या अभ्यासकाला यात जे लक्षणीय वाटते ते असे की, येथे आज्ञार्थाची जागा वर्णनाने घेतली आहे. जुन्या पद्धतीत 'येथे चौकट काढ, तिच्यात आकडा लिही, तो बदलला तर अमुक कार्याला हाक मार' अशी आज्ञांची माळ ओवावी लागे. ट्रेट्समध्ये 'हा आकडा अशा अशा प्रकारचा आहे' एवढेच विधान करावयाचे. विधानातून कृती निष्पन्न करण्याचे काम साधनाचे. विज्ञानाच्या दृष्टीने हा लाभ मोठा आहे, कारण संशोधकाने लिहिलेला मजकूर त्याच्या विषयासंबंधी राहतो. तो वाचणाऱ्या दुसऱ्या संशोधकाला त्यात अधोमर्यादा दिसते, चौकट दिसत नाही. चांगल्या परिभाषेपासून आपण हीच अपेक्षा करतो.

या आपोआपपणाची एक गंमत मराठी वाचकाला विशेष रुचेल. खिडकीतील प्रत्येक चौकटीपुढील मथळा गुणाच्या नावावरूनच तयार होतो. नावातील जोडरेघ काढून टाकली जाते आणि पहिले अक्षर मोठे केले जाते. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून नावे देवनागरीत लिहिता येतात. त्यामुळे गुणाचे नाव 'तारता' ठेवले तर मथळाही 'तारता' असाच येतो. मोठ्या अक्षराचा प्रश्न आपल्या लिपीत उद्भवतच नाही. पण 'दुसऱ्या' या शब्दापाशी ठेच लागण्याचा संभव असतो. त्यातील अर्धा र काही कळफलक साधा र, हलन्ताचे चिन्ह आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशा तीन घटकांनी लिहितात, आणि पायथनला नावात अदृश्य चिन्ह चालत नाही. तोच अर्धा र नुक्तायुक्त ऱ घेऊन लिहिला तर नाव बिनतक्रार स्वीकारले जाते. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसत असता एक ग्राह्य आणि एक त्याज्य ठरावा, हा लिपीच्या संकेतनाचा प्रश्न आहे, ट्रेट्सचा दोष नव्हे. तरीही नावातूनच मथळा काढण्याच्या धोरणामुळे तो वापरणाऱ्याच्या पुढ्यात येतो.

गुणवर्णन येथवर पुरे. रेन्स्काउगच्या त्रयीशी हे साधन कोठे फारकत घेते, हे पहावयाचे तर बटणाकडे पाहावे. ट्रेट्समध्ये बटण हाही एक गुणच आहे. वर उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीला 'मोजणी सुरू' असे बटण हवे असेल तर अधोमर्यादा, ऊर्ध्वमर्यादा आणि फाइल यांच्या पंक्तीतच तिने 'बटण' जाहीर करावयाचे. दर्शन आणि नियंत्रण यांसाठी निराळे वर्ग लिहिण्याची सोय या साधनात आहे, आणि काळजीपूर्वक लिहिणारे ती वापरतातही. पण सोपा मार्ग बटण विषयवस्तूत घालण्याचा आहे, आणि मनुष्यस्वभाव सोप्या मार्गानेच जातो. परिणामी ज्या वस्तूने तारतेचे मापन म्हणजे काय ते सांगावे, तीच आपल्याला एक बटण असल्याचे सांगू लागते. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर एकाच यादीत नामाचे विशेषण आणि क्रियेची खूण या दोन भिन्न कोटी एकत्र आल्या. रात्रभर शंभर फाइली खिडकीवाचून मोजावयाच्या असतील, तेव्हा ते बटण कोणी दाबावयाचे?

याहून गंभीर आक्षेप वर्दीच्या यंत्रणेविषयी घ्यावा लागेल. गुण बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेली कार्ये आपोआप चालतात, हे या साधनाचे हृदय आहे. परंतु 'बदलला' याचा अर्थ येथे 'त्या नावाखाली नवे मूल्य ठेवले' एवढाच आहे. विज्ञानातील सामग्री बहुधा आकड्यांच्या लांबलचक सरणीच्या रूपात असते, आणि सरणीतील एखादाच आकडा जागच्या जागी बदलला तर वर्दी जात नाही. दहा सेकंदांच्या मुद्रणात ४४,१०० च्या दराने ४,४१,००० नमुने असतात. त्यांतील पहिले दहा हजार शून्य केले तरी वस्तूच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. नाव तेच, सरणी तीच. खिडकीतील आलेख जुनाच राहतो. दुसरी गोष्ट अशी की, वर्दी मिळाल्यावर चालणाऱ्या कार्यात चूक घडली तर ती चूक, निराळी सूचना दिलेली नसल्यास, नोंदवहीत लिहिली जाऊन तेथेच थांबते. ज्याने गुण बदलला त्याच्यापर्यंत ती पोचत नाही. खिडकी कोसळू नये म्हणून ही व्यवस्था केलेली आहे, आणि साध्या प्रोग्रॅमपुरती ती समंजसही आहे. पण मापनाच्या प्रोग्रॅममध्ये तिचा अर्थ असा होतो की, चौकटीत अधोमर्यादा १०० दिसत आहे, खाली तारतेची सरासरी दिसत आहे, आणि ती सरासरी अधोमर्यादा ७५ असतानाची आहे. खिडकी काहीच दाखवीनाशी झाली तर निदान संशय येतो. येथे तो येण्यास जागाच नाही.

हे साधन संशोधकाला खिडकीच्या धंद्यातून सोडवते, या मूळ दाव्याचा आता विचार करू. खिडकी असलेल्या प्रोग्रॅममध्ये कर्ता कोण, हा प्रश्न पाणिनीच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला सहज सुचेल. त्या परंपरेत कर्त्याची ओळख त्याच्या स्वातंत्र्यावरून पटते; इतर कारके त्याच्या तंत्राने चालतात. साध्या प्रोग्रॅममध्ये हे स्वातंत्र्य संशोधकाच्या मजकुराकडे असते : तो फाइल वाचतो, मोजतो, लिहितो. खिडकी आली की एक अखंड फिरणारा रहाट कर्त्याच्या जागी येऊन बसतो. घटना घडली का, हे तो पाहत असतो आणि घडली की संशोधकाच्या कार्याला बोलावतो. संशोधकाचा मजकूर परतंत्र झाला. हे पारतंत्र्य बोचू लागते ते गणित लांबल्यावर. मोजणीला चाळीस सेकंद लागणार असतील, तर ते चाळीस सेकंद रहाट थांबतो. खिडकी गोठते, 'थांबा' हे बटणदेखील दाबता येत नाही. यावर उपाय म्हणजे मोजणी निराळ्या धाग्यावर सोडणे. पण ट्रेट्स यूआय ज्या क्यूट किंवा डब्ल्यूएक्स या साधनांवर बेतलेला आहे, त्यांचा नियम असा की खिडकीला हात लावावयाचा तो मुख्य धाग्यानेच. मग निरोप कोणत्या धाग्यावर पोचवावयाचा ते सांगावे लागते, दोन धाग्यांनी एकच सरणी एकाच वेळी ओढू नये म्हणून कुलूप घालावे लागते. म्हणजे वर्णनाने आरंभ झालेला प्रोग्रॅम पुन्हा आज्ञांच्या माळेपाशी आला, आणि या आज्ञा पूर्वीच्यांपेक्षा अवघड आहेत. कॅमेऱ्याने टिपलेली चित्रे प्रयोग चालू असताना दाखविणे अशांसारखी जी कामे प्रयोगशाळेला खरोखर हवी असतात, ती सारी याच प्रदेशात येतात.

सरकपट्टीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण स्वनविज्ञानाच्या प्रबंधांशी तिचा थेट संबंध पोचतो. तारतेची अधोमर्यादा हा आकडा दिसतो तितका निरुपद्रवी नाही. पॉल बूर्स्मा यांनी १९९३ साली मांडलेल्या आणि प्राटमध्ये वापरल्या गेलेल्या स्वसहसंबंधाच्या पद्धतीत, एका वेळी ध्वनीचा किती लांब तुकडा तपासावयाचा ते या मर्यादेवरून ठरते : तीत मर्यादेच्या तीन आवर्तनांइतका काळ बसावा लागतो. अधोमर्यादा ७५ असेल तर तुकडा ४० मिलिसेकंदांचा, १५० असेल तर २० चा, आणि ४० असेल तर ७५ चा. सरकपट्टी डावीकडून १० हर्ट्झ हलविली तर तुकडा एकदम १५ मिलिसेकंदांनी आखडतो. उजवीकडच्या टोकाला तेवढ्याच हालचालीने अर्धा मिलिसेकंदही फरक पडत नाही. पट्टीवरील सारखे अंतर म्हणजे सारखा परिणाम, ही जी मूक समजूत पट्टी करून देते ती येथे सर्वस्वी खोटी आहे. गुणोत्तरी प्रमाणाची पट्टी मागून घेता येते, पण ती मागावी लागते हे सुचण्याइतके ज्ञान असलेल्याला पट्टीची गरज कमी. शिवाय ट्रेट्सच्या जातीला ७५ हा आकडा कळतो, ते हर्ट्झ आहेत हे कळत नाही.

आणि मुख्य गोष्ट निराळीच आहे. पट्टी हलताच आलेख हलतो. विद्यार्थ्याच्या मनात प्रश्नार्थक वाक्याच्या शेवटी तारता चढावी असे आहे. तो पट्टी इकडेतिकडे सरकवतो, एका ठिकाणी आलेख सुरेख चढतो, तो तेथे थांबतो. त्याने लबाडी केली असे म्हणता येणार नाही. त्याने केवळ 'योग्य' मूल्य शोधले. प्रबंधात मात्र आलेख छापला जातो, पट्टी कोठे होती ते छापले जात नाही.

प्राटची खिडकी याच्या नेमकी उलट आहे. 'प्राट' हा डच शब्द बोलण्याचा वाचक आहे. बूर्स्मा आणि डेव्हिड वीनिंक यांनी हा प्रोग्रॅम रचला असून त्याचे रूप पाहून कोणी मोहित होईल असे नाही. डाव्या बाजूला वस्तूंची यादी, उजव्या बाजूला बटणांचा स्तंभ. यादीतील ध्वनी निवडला की स्तंभात ध्वनीवर करता येतील त्या क्रिया येतात. तारतेची वस्तू निवडली की स्तंभ बदलतो. नाम आधी, क्रियापद मागून, आणि नामाला जी क्रियापदे लागू पडतात तेवढीच समोर. मराठीच्या वाक्यरचनेला हा क्रम परका वाटू नये. क्रियापदापुढे तीन टिंबे असतील तर ते दाबल्यावर एक तक्ता येतो, आणि सर्व आकडे भरून संमती दिल्याशिवाय काहीही घडत नाही. घडते तेव्हा, विश्लेषणाच्या बाबतीत, मूळ वस्तूला धक्का न लागता यादीत एक नवी वस्तू वाढते. अधोमर्यादा बदलून पाहावयाची तर पुन्हा तक्ता उघडावा लागतो आणि यादीत तारतेची आणखी एक वस्तू पडते. हे कंटाळवाणे आहे. पण सहा वेळा प्रयत्न केला तर सहा वस्तू यादीत साक्षीला राहतात.

प्राटच्या या व्याकरणात एक स्थळ विशेष मनन करण्यासारखे आहे. वस्तुकेंद्री भाषांत क्रिया एका वस्तूच्या मालकीची असते. 'ध्वनी, तारता दे' असे म्हणताना जो खरोखर कर्म आहे तो ध्वनी कर्त्याच्या आसनावर बसतो. येथवर मराठीतील कर्मणी प्रयोग परिचयाचा असलेल्यांना बिचकण्याचे कारण नाही. परंतु ध्वनी आणि त्यावरील भाष्याचा पट या दोघांच्या आधारे ध्वनीचे शब्दशः तुकडे पाडावयाचे असतील, तर ही क्रिया कोणाच्या मालकीची? ध्वनीच्या वर्गात घातली तर ध्वनीला भाष्याची माहिती असावी लागते. पटाच्या वर्गात घातली तर पटाला ध्वनीची. प्राटने हा वाद मिटविला आहे तो अगदी सरळ मार्गाने : यादीत दोन्ही वस्तू एकदम निवडावयाच्या, म्हणजे स्तंभात त्या जोडीच्या क्रिया येतात. क्रिया कोणा एकाची नव्हेच, ती जोडीची. प्राटच्या मूळ मजकुरातील फाइलींची नावेदेखील दोन वस्तूंची नावे जोडून ठेवलेली आढळतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'पार्सलमाउथ' या जोडसाधनाने प्राटच्या वस्तू पायथनमध्ये आणल्या. तेथे एका ध्वनीकडून तारता मागण्यासाठी रीतसर वर्गाची क्रिया आहे. पण दोन वस्तूंच्या क्रियांसाठी वस्तूंची यादी आणि क्रियापदाचे नाव हाती घेणारे एक स्वतंत्र कार्य ठेवणे भाग पडले. एका आसनावर दोघांना बसविता येत नाही, हेच यावरून दिसते.

प्राटच्या बाजूने इतके म्हटल्यावर त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. वस्तूत फेरफार करणाऱ्या क्रिया त्याच्यात आहेतच, आणि त्या जुन्या मूल्याचा मागमूस ठेवत नाहीत. त्यांची बटणे निराळ्या गटात आहेत एवढाच दिलासा. यादीत शंभर वस्तू झाल्या म्हणजे कोणती कोठून आली ते सांगणे कठीण होते, कारण नवी वस्तू आपल्या जनकाचे नाव घेते, जन्मवेळचे आकडे घेत नाही. आणि संशोधकाला स्वतःच्या विषयाची खिडकी हवी असेल, तर प्राट त्याला स्तंभात एखादे बटण आणि त्यामागे एखादा तक्ता यापलीकडे फारसे काही देऊ शकत नाही. प्राट ही तयार इमारत आहे, ट्रेट्स हे विटा-चुन्याचे सामान. दोहोंची तुलना करताना हा भेद दृष्टीआड करणे अन्यायाचे होईल.

तथापि एका बाबतीत तुलना पूर्णपणे न्याय्य आहे, ती म्हणजे केलेल्या कामाची नोंद. प्राटमध्ये बटणावर जो शब्द असतो तोच आज्ञालेखात लिहावयाचा शब्द असतो, आणि तक्त्यात भरलेले आकडे त्याच क्रमाने त्याच्यापुढे येतात. खिडकीतून केलेल्या क्रियांचा इतिहास आज्ञालेखाच्या खिडकीत एका आज्ञेने उतरविता येतो. बोली आणि लेखी भाषा येथे एकच आहे. ट्रेट्स यूआयमध्ये ही सोय मुळात नाही. पण तिची बीजे आहेत, आणि ती कशी रुजविता येतात ते 'मायावी' या प्रोग्रॅमने दाखवून दिले आहे. मायावीचे मूळ कर्ते आयआयटी मुंबईच्या वैमानिक अभियांत्रिकी विभागातील प्रभू रामचंद्रन. त्रिमितीतील सामग्री डोळ्यांसमोर उभी करणे हे त्याचे काम. त्याच्या तळाशी व्हीटीके हा सी प्लस प्लस भाषेतील वर्गसंग्रह आहे, आणि त्या संग्रहातील वस्तूंना ट्रेट्सचा पेहराव चढवून मायावी रचलेला आहे. २०११ साली रामचंद्रन आणि गाएल व्हारोको यांनी त्याची रीतसर ओळख लेखरूपाने करून दिली. या प्रोग्रॅमात नोंद सुरू केली की खिडकीतील प्रत्येक फेरफार पायथनच्या ओळीच्या रूपाने उमटत जातो : रंगपट बदलला, एक ओळ, समपातळीचे मूल्य सरकविले, एक ओळ. हे शक्य झाले ते वर्दीच्या यंत्रणेमुळेच. गुण बदलला ही वार्ता आलेखाला जशी जाते तशीच ती लेखनिकालाही देता येते. ज्या यंत्रणेविषयी वर इतके आक्षेप घेतले, तिच्यातच त्यांवरील उपायाची सामग्री होती. ती बाहेर काढावयास एका वापरणाऱ्या शास्त्रज्ञाची गरज लागली.

मायावीत सरकपट्टी शोभते, हेही येथेच नमूद करणे बरे. हवेच्या प्रवाहातील समदाब पृष्ठ कोठे कसे वळते ते पाहावयाचे असते, तेव्हा पाहणे हाच हेतू असतो. पट्टी फिरविणे म्हणजे वस्तूभोवती फिरणे. तारतेची अधोमर्यादा फिरविणे म्हणजे वस्तूभोवती फिरणे नव्हे, ते मोजपट्टी ताणणे आहे. ट्रेट्स यूआयच्या दृष्टीने मात्र दोन्ही मर्यादित आकडेच. दोघांनाही तो सारखीच पट्टी देतो. निरीक्षणाचा गुण आणि मापनाचा गुण असा भेद जातींच्या यादीत कोठेच नाही. तो असावयास काय हरकत आहे, हे त्या साधनाच्या रचनेवरून तरी कळत नाही. मापनाच्या गुणाला सरकपट्टीऐवजी तक्ता आणि संमती, आणि प्रत्येक संमतीबरोबर नोंदीची एक ओळ, एवढे एका नव्या जातीच्या वर्णनातून सहज निघू शकेल. ते वर्णन हाती असलेल्याच शब्दांत लिहिता येण्याजोगे आहे.

अलीकडे विद्यार्थ्यांच्या हाती ट्रेट्स यूआयपेक्षा ज्युपिटरच्या वह्या अधिक दिसतात. त्या वह्यांतील खिडक्यांच्या तळाशी 'ट्रेटलेट्स' नावाचे जे साधन आहे ते ट्रेट्सच्याच धर्तीवर घडविलेले आहे, म्हणजे वंश तोच चालू आहे. त्यातील एक सोय अशी की, वर्ग न लिहिता नुसते कार्य दिले आणि त्याच्या एकेका विधेयाचे आरंभीचे मूल्य सांगितले की प्रत्येकाची सरकपट्टी तयार होते. नामाऐवजी क्रियापदच केंद्रस्थानी आले. बटण विषयवस्तूत घुसण्याचा प्रश्न त्यामुळे मिटला. परंतु वहीच्या मजकुरात अधोमर्यादेपुढे जो आकडा लिहिलेला असतो तो आरंभीचा. वही जपून ठेवली, सहकाऱ्याला पाठविली, प्रबंधाला जोडली, तरी मजकुरात ७५ च राहतो. पट्टी त्यानंतर कोठे नेऊन थांबविली होती ते त्यात उमटत नाही.